चॅट रूम की फेसबुक गट? विखुरलेल्या आकाशनिरीक्षकांना एकमेकांशी बोलतं कसं करायचं?

मृगशीर्ष (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

हौशी आकाशनिरीक्षकांचा एक मराठी गट आहे. फेसबुकवर साधारण २,६०० सदस्य, व्हॉट्सॲपवर सातशेच्या आसपास. नाशिक, कराड, सावंतवाडी, बेळगाव इथले बरेच, शिवाय मस्कत आणि कॅलिफोर्नियातले थोडे. वयं चौदापासून पंचाहत्तरपर्यंत.

सदस्य आहेत, पण त्यांचं आपापसात बोलणं होत नाही. फेसबुकवर ठरावीक दहा-बारा जण फोटो टाकतात, बाकीचे लाइक करून पुढे जातात. नवशिक्याचा प्रश्न कुणाच्या नजरेस पडतो तो दुसऱ्या दिवशी. व्हॉट्सॲपवर सुप्रभातच्या फुलांखाली कामाचं सगळं गाडलं जातं, आणि अनोळखी लोकांना नंबर दिसतो म्हणून बऱ्याच मुली-बायका त्या गटात येतच नाहीत.

म्हणून चॅट रूम उघडायचा विचार आहे. टेलिग्राम, डिस्कॉर्ड, मॅट्रिक्स, झालंच तर आयआरसी ही जुनी चॅट रूम पद्धत, अशी नावं पुढे आली आहेत. खर्च शून्य हवा, नंबर झाकलेला हवा, मराठीत लिहिता यायला हवं आणि डिसेंबरातल्या मिथुन उल्कावर्षावाच्या रात्री सगळ्यांना एकत्र येता यायला हवं. चॅट रूमने खरंच फरक पडेल का? पडणार असेल तर कोणती घ्यावी आणि कशी मांडावी?

---

ओसरी

साधन निवडण्याआधी प्रश्नांना एक कसोटी लावून बघा: उत्तर किती वेळ कामाचं राहतं?

"पश्चिमेला तो ठळक तारा कोणता?" हे कुणी रात्री साडेआठला विचारलं आणि तो शुक्र असला, तर तो सूर्यास्तानंतर फार तर तीनेक तास क्षितिजावर असतो. उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं तर विचारणाऱ्यासमोर शुक्रही नसतो आणि त्याची उत्सुकताही ओसरलेली असते. हा प्रश्न खोलीतला, म्हणजे चॅट रूमचा. "पहिली दुर्बीण सहा इंची घेऊ की आठ इंची?" यावर आठवडाभर चर्चा चालली तरी बिघडत नाही, तो फेसबुकवर शोभतो. आणि "दुर्बिणीचे आरसे जुळवायचे कसे?" याचं उत्तर पाच वर्षांनीही तेच असणार. ते दोन्हीकडे वाहून जातं, त्याला वेगळं कायमचं पान हवं. तुमच्या गटाची रडकथा अशी आहे की तिन्ही प्रकारचे प्रश्न एकाच जागी येऊन पडतात.

दोन्ही साधनांची घडणच वेगळी आहे. आयआरसी १९८८ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी तयार केलं. खोलीची कल्पना तेव्हापासून फारशी बदललेली नाही: तुम्ही विषयाच्या दारातून आत जाता, आत कोण आहे त्याची यादी दिसते, आणि कुणी बोललं की ते सगळ्यांना त्याच वेळी दिसतं. तुमचं खरं नाव, गाव, मित्र कोण, याला महत्त्व नाही. सोशल नेटवर्कमध्ये दार माणसाचं असतं. आधी ओळख, मग त्या ओळखीतून विषय. त्यात फेसबुकने सप्टेंबर २००६ मध्ये न्यूज फीड आणल्यापासून कोणाला काय आणि कधी दाखवायचं हे फेसबुकच ठरवतं. २,६०० जणांच्या गटात टाकलेली पोस्ट २,६०० जणांपुढे त्याच संध्याकाळी येईल असं धरूच नका.

ज्यांना फेसबुक सोडायचं नाही त्यांना निदान एवढं करायला सांगा: गटातल्या सूचना 'सर्व पोस्ट'वर ठेवा आणि गट उघडल्यावर क्रम बदलून 'नवीन पोस्ट' करा. थोडा फरक पडतो, पण हे प्रत्येकाने स्वतः करावं लागतं आणि बहुतेक जण करत नाहीत.

चॅट रूम म्हणजे रामबाण, असंही समजू नका. याहूच्या खोल्या एकेकाळी भरून वाहत होत्या. लोकांनी स्वतः उघडलेल्या खोल्या २००५ मध्ये बंद झाल्या, कारण अल्पवयीन मुलांना गाठणारे लोक त्यांत शिरले होते आणि जाहिरातदारांनी पाय काढला. उरलेल्या सार्वजनिक खोल्या १४ डिसेंबर २०१२ ला बंद केल्या. तोवर त्यांत माणसांपेक्षा जाहिरातींचे बॉट (आपोआप निरोप टाकणारे प्रोग्राम) जास्त बोलत होते. दार सताड उघडं आणि आत यजमान नाही, अशा खोलीचं दुसरं काही होत नाही. यजमानाची सोय होणार नसेल तर खोली उघडूच नका.

---

कृत्तिका

तुमच्या अटी पाहता मी टेलिग्राम सुचवेन. गटात दोन लाखांपर्यंत सदस्य मावतात, नंबर झाकता येतो, साध्या फोनवर चालतं, आणि नव्या सदस्याला मागचं बोलणं वाचता येतं. मांडणी अशी करा:

१. 'चॅनल' नको, 'ग्रुप' बनवा. चॅनलवर फक्त चालक (ॲडमिन) बोलतो. ही गल्लत फार जण करतात आणि मग लोक गप्प का, याचं कोडं सोडवत बसतात.

२. 'चॅट हिस्ट्री फॉर न्यू मेंबर्स' हे 'व्हिजिबल' करा. आत आल्या आल्या कोरी पाटी दिसली तर नवा माणूस काही न लिहिता निघून जातो.

३. 'टॉपिक्स' सुरू करा, पण तीनच ठेवा: 'आत्ता आकाशात', 'दुर्बिणी आणि कॅमेरे', 'गप्पा'. उत्साहाच्या भरात पंधरा कप्पे काढले की प्रत्येक कप्पा ओसाड दिसतो. एखाद्या कप्प्यात दोन विषयांची रोज सरमिसळ होऊ लागली, तरच चौथा काढा.

४. 'परमिशन्स'मध्ये सामान्य सदस्यांसाठी स्टिकर आणि दुव्यांचं पूर्वदृश्य बंद ठेवा. फोटो चालू ठेवा.

५. 'स्लो मोड' (एकाच सदस्याच्या दोन निरोपांत सक्तीचं अंतर) एरवी बंद. उल्कावर्षावाच्या रात्री ३० सेकंद. हे काही सेकंदांपासून एका तासापर्यंत लावता येतं, पण एका मिनिटाच्या वर गेलात की बोलण्याची लय तुटते.

नंबर झाकायचं काम चालक करू शकत नाही, प्रत्येकाने स्वतः करायचं आहे. सेटिंग्ज, मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'फोन नंबर'. तिथं 'कोण पाहू शकतं' याला 'नोबडी' करा. मग खाली 'नंबरवरून कोण शोधू शकतं' असा पर्याय उघडतो, त्याला 'माय कॉन्टॅक्ट्स' करा. तो खालचा पर्याय बहुतेकांच्या नजरेतून सुटतो आणि ज्याच्याकडे आधीपासून नंबर आहे त्याला खातं सापडतं. याची चित्रं काढून गटात वर टाचून (पिन करून) ठेवा. आणि सगळ्यांना स्पष्ट सांगा की टेलिग्रामच्या गटातलं बोलणं एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यांनाच वाचता येईल असं) नसतं. ताऱ्यांच्या गप्पांना हरकत नाही, पण घरचा पत्ता तिथं लिहू नये.

आता 'आत्ता आकाशात' या कप्प्याबद्दल, कारण खोली जगणार की मरणार हे तिथं ठरतं. प्रश्न विचारायचा साचा वर टाचा: गाव, वेळ, दिशा, क्षितिजापासून उंची, लुकलुकतो का, सरकतो का. उंची मुठीने मोजायची. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश. मग बोलणं असं होतं:

"कराड, ८.१०, पश्चिम, दीड मूठ, लुकलुकत नाही, जागचा हलत नाही."

"शुक्र. लहान दुर्बीण असेल तर लावा, चंद्रासारखी कला दिसते का बघा."

"कोर दिसतेय!"

दोन मिनिटांत काम झालं, आणि ते नाशिकच्या चौघांनी वाचलं, त्यातले दोघे गच्चीवर गेले. "आकाशात काहीतरी चमकतंय, काय आहे?" एवढंच लिहिलं तर पुढची दहा मिनिटं उलटे प्रश्न विचारण्यात जातात आणि विचारणारा खजील होतो. 'सरकतो' म्हटलं की विमान, उपग्रह किंवा अंतराळ स्थानक. दिवे उघडझाप करत असतील तर विमान, सलग उजेड असेल आणि चार-सहा मिनिटांत आकाश पार करत असेल तर बहुधा अंतराळ स्थानक.

एक राहिलं: चंद्राचे, तेजोमेघाचे फोटो 'फाइल' म्हणून पाठवायला सांगा. नुसता फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि बारीक तारे पुसले जातात.

---

बाइटभर

आयआरसीचं नाव यादीतून काढा. साधन सुंदर आहे, पण या मंडळींसाठी नाही. कारण मोजून दाखवतो. आयआरसीचा एक निरोप ५१२ बाइटचा, त्यातच पाठवणाऱ्याचा पत्ता, खोलीचं नाव, ओळ संपल्याची खूण हे सगळं आलं. मजकुराला उरतात ढोबळ चारशे बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'ज्येष्ठा' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा, पण आत ज, हलन्त, य, एकार, ष, हलन्त, ठ, काना अशी आठ चिन्हं आहेत, म्हणजे २४ बाइट. लांब मराठी वाक्य मध्येच तुटतं आणि तुटलेल्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटतं. शिवाय तिथं मागचं बोलणं साठत नाही. फोनने पार्श्वभूमीतली जोडणी तोडली की मधलं सगळं गेलं. त्यावर उपाय म्हणजे कायम चालू राहणाऱ्या यंत्रावर झेडएनसीसारखा मध्यस्थ प्रोग्राम बसवणं, जो तुमच्या वतीने जोडलेला राहून निरोप साठवतो. पंचाहत्तरीच्या काकांना हे सांगणार कोण?

मॅट्रिक्समध्ये इतिहास राहतो, नंबर लागत नाही, आणि सर्व्हर कुणा एका कंपनीच्या हातात नसतो. मला ते मनापासून आवडतं. पण एन्क्रिप्शन (निरोप कुलूपबंद करणं) चालू केलेल्या खोलीत, सगळीकडून लॉगआउट झालात आणि 'रिकव्हरी की' ही किल्लीही हरवली, तर जुने निरोप उघडत नाहीत. घेतलंत तर सार्वजनिक खोलीत एन्क्रिप्शन चालू करू नका. एकदा चालू केलं की त्या खोलीत ते परत बंद करता येत नाही.

डिस्कॉर्ड ईमेलवर चालतं, एका निरोपात २,००० अक्षरं मावतात, भूमिका आणि परवानग्या फार बारकाईने ठरवता येतात. तरुण मंडळी जास्त असतील तर हेच घ्या. ॲप मात्र जड आहे आणि पहिल्यांदा उघडल्यावर डावीकडचे ते सगळे गोल आणि याद्या पाहून मोठी माणसं बिचकतात.

उल्कावर्षावाच्या रात्रीबद्दल एक गोष्ट वर कुणी लिहिली नाही. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि फोनचा पांढरा पडदा क्षणभर पाहिला की ती मेहनत वाया जाते. म्हणजे त्या रात्री टंकत बसलेला माणूस उल्का बघूच शकत नाही! लेखी खोली त्या रात्री चालवू नका, आवाजी खोली चालवा. टेलिग्रामच्या गटातही ती सोय आहे, डिस्कॉर्डवर तर आहेच. फोन पालथा ठेवायचा, कानात एकच इअरफोन, माइक एरवी बंद. उल्का दिसली की माइक उघडून दिशा आणि ठळकपणा सांगायचा. घरी बसलेला एक जण नोंदणीस: तो ऐकेल ते वेळेसह लेखी कप्प्यात टाकत राहील. त्याने आकाश बघायचं नाही, त्या रात्री त्याचं काम तेवढंच. सकाळी टेलिग्रामच्या संगणकावरच्या आवृत्तीतून 'एक्स्पोर्ट चॅट हिस्ट्री' करून नोंदी तक्त्यात उतरवून घ्या. चॅटमध्ये पडून राहिलेली नोंद पुढच्या वर्षी कुणाला सापडत नाही.

---

वांगणी_लोकल

सगळ्यांचं वाचलं. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे: खोली उघडा, पण फेसबुकचा गट बंद करायची भाषा कुणी काढली तर ठाम नाही म्हणा.

पहिलं कारण, माणसं येणार कुठून? टेलिग्रामच्या गटातलं किंवा डिस्कॉर्डमधलं बोलणं गुगलवर शोधून सापडत नाही. खोली आत असलेल्यांसाठीच असते. नवा माणूस येतो तो कुणाच्या तरी मावसभावाने शेअर केलेला चंद्रग्रहणाचा फोटो बघून. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच मांडलं होतं की नवी माहिती जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखींतून जास्त येते, कारण जवळच्या मित्रांना आपल्याला माहीत असतं तेच माहीत असतं. त्या लांबच्या ओळखी नेटवर्कवर टिकतात. खोलीत त्या नसतातच.

दुसरं कारण विश्वासाचं. टोपणनावामुळे प्रश्न विचारायची भीड चेपते, हे खरं. पण हा छंद शेवटी माणसाला वांगणीसारख्या काळोख्या माळावर रात्रभर नेतो. 'ध्रुव२७' नावाच्या अदृश्य व्यक्तीच्या भरवशावर कोणती मुलगी तिथं जाईल? तिथं खरं नाव, चेहरा, ओळखीतलं कुणीतरी सामाईक असणं, हे सगळं लागतं आणि ते नेटवर्कवरच मिळतं. सहलीची नोंदणी टोपणनावावर घेऊ नका. आयोजकांपैकी एका बाईंचं नाव जाहीर असू द्या, येणाऱ्याशी आधी एकदा फोनवर बोला, अठराखालच्यांसोबत पालक हवेतच.

आणि संख्येचा हिशेब मांडा. जेकब नील्सन यांचा २००६ मधला ढोबळ ठोकताळा असा की ऑनलाइन गटांत ९० टक्के नुसते वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात, १ टक्का सतत लिहितो. २,६०० मधले सतत बोलणारे म्हणजे २६. हे सव्वीस जण चोवीस तासांवर विखुरले तर केव्हाही डोकावा, खोली ओस. तेच सव्वीस शनिवारी साडेआठ ते साडेनऊ आले तर धमाल. खोली कायम उघडी ठेवू नका, ठरलेल्या वेळी भरवा. बाकी वेळी 'गप्पा' कप्पा फक्त वाचण्यापुरता ठेवलात तरी चालेल, 'आत्ता आकाशात' मात्र रोज संध्याकाळी उघडा हवा.

---

मृगशीर्ष

फार मोलाचं मिळालं, सगळ्यांचे आभार. आवाजी खोलीचा विचार आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

आता दोन शंका. शनिवारी साडेआठ ठरवलं तर परदेशातल्यांचं काय? आणि चौदा-पंधरा वर्षांची मुलं आत असणार, तर राखण कशी करायची? गटात कुणी भलतंच काही टाकलं तर चालकावर कायद्याने बालंट येतं, अशी भीती घालणारेही आहेत.

---

राखणदार

आधी कायद्याचं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ च्या निकालात म्हटलं आहे की एखाद्या सदस्याने व्हॉट्सॲप गटात आक्षेपार्ह मजकूर टाकला, तर केवळ चालक आहे म्हणून चालकाला फौजदारी जबाबदार धरता येत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवून केलेला बेत दिसला तर गोष्ट वेगळी. तो खटला व्हॉट्सॲपचा होता, पण चालकाचं स्थान टेलिग्रामच्या गटात साधारण तसंच असतं. तरी दिसलेलं तसंच राहू देऊ नका. आधी पडद्याचं चित्र काढून ठेवा, मग मजकूर हटवा, मग माणसाला काढा. क्रम उलटा केला तर पुढे तक्रार करताना हातात काहीच राहत नाही.

मुलांच्या बाबतीत धोका उघड्या खोलीत कमी आणि खासगी निरोपांत जास्त. खोलीत सगळे बघत असतात. बाहेरचा माणूस आत येतो, दोन दिवस तारे-ग्रह बोलतो, मग एखाद्याला बाजूला घेऊन खासगी लिहायला लागतो. तेव्हा नियम असा ठेवा: शंका खोलीतच विचारायची, खोलीतच उत्तर द्यायचं, कुणी न विचारता खासगी निरोप पाठवला की एका तक्रारीवर बाहेर. मुलांची खाती पालकांनी सोबत बसून उघडावीत, वय, शाळा आणि स्वतःचा फोटो प्रोफाइलवर नको.

मोठ्यांना लागणारा गळ वेगळा असतो. चालकाचंच नाव आणि चित्र लावून कुणी खासगीत लिहितो, "गटासाठी दुर्बीण सवलतीत आली आहे, आगाऊ रक्कम पाठवा." नाव हुबेहूब सारखं करता येतं, वापरकर्तानाव मात्र सारखं करता येत नाही. त्यामुळे चालकांची वापरकर्तानावं टाचलेल्या निरोपात लिहा आणि पुढे एक ओळ घाला: चालक कधीही खासगीत पैसे मागत नाहीत. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

प्रत्येक बैठकीला यजमान दोन हवेत. एक बोलणं चालू ठेवेल, दुसरा येणाऱ्यांकडे बघेल. एकट्याकडून दोन्ही होत नाही. सामील होताना चालकाची मंजुरी ठेवा आणि एकच प्रश्न विचारा, "कुठून आकाश बघता?" बॉट तिथंच गळतात. वादावादी झाली तर थेट काढू नका, २४ तास लिहिण्याची मुभा काढा. बहुतेक भांडणं तेवढ्यात निवतात.

---

कृत्तिका

वेळेबद्दल. भारतात रात्री साडेआठ म्हणजे मस्कतला संध्याकाळचे सात. ते लोक आकाशासकट तुमच्या सोबत असतील. कॅलिफोर्नियात तेव्हा सकाळ असते, हिवाळ्यात सात आणि उन्हाळी वेळ लागू असताना आठ. घड्याळ बदलतं ते तिकडचं, म्हणून जाहीर करताना भारताची वेळ स्थिर ठेवा आणि मार्च-नोव्हेंबरमध्ये त्यांना आठवण द्या.

त्यांना आकाश सोबत बघता येणार नाही, पण त्यांची रात्र नुकतीच संपलेली असते. बैठकीची पहिली दहा मिनिटं त्यांना द्या: काल रात्री काय दिसलं, फोटो कोणते मिळाले. मिथुन उल्कांच्या वेळी याचा उलटा फायदा होतो. आपल्याकडे मध्यरात्र ते दोन हा उत्तम काळ, तेव्हा तिकडे सकाळचे साडेदहा ते साडेबारा. म्हणजे आपल्या नोंदी त्यांची रात्र सुरू व्हायच्या कितीतरी आधी त्यांच्या हातात असतात आणि वर्षाव वाढतोय की ओसरतोय याचा अंदाज घेऊन ते बाहेर पडू शकतात.

ज्येष्ठांपैकी जे नवं ॲप घेणारच नाहीत त्यांना ओढू नका. व्हॉट्सॲपवर फक्त चालक लिहू शकतील असा एक सूचना-गट ठेवा. शनिवारी आठला बैठकीची आठवण आणि रविवारी सकाळी त्या बैठकीतल्या चार-पाच निवडक प्रश्नोत्तरांचा एक निरोप, बस. तोच निरोप फेसबुकवरही टाका, खाली खोलीचा दुवा देऊन. दुवा मात्र कायम एकच ठेवा. दर आठवड्याला नवा दुवा दिलात की जुन्या निरोपातला दुवा दाबून लोक बंद दारावर जातात आणि पुन्हा फिरकत नाहीत.